संमोहन आणि शिथिलीकरण : ताणावरच्या एका उपचाराचा इतिहास

मनावरचे दडपण औषधाशिवाय, केवळ शब्द, श्वास आणि अंग सैल सोडण्याचा सराव यांच्या बळावर उतरवता येते, ही गोष्ट आज डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ सहज मान्य करतात. ती मान्य व्हायला दोनशे वर्षांच्या आसपास लागली. या सगळ्या काळात एक प्रश्न पुन्हा पुन्हा वर येत राहिला : माणसाला शांत करणारी शक्ती असते कुठे? उपचार करणाऱ्याच्या हातात, की ज्याच्यावर उपचार होतो त्याच्याच मनात? या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी ठामपणे देणाऱ्यांत गोव्याच्या बार्देस तालुक्यातल्या कांदोळी गावचा एक पाद्री होता. त्याच्या हयातीत मात्र त्याचे कोणी फारसे ऐकले नाही.

इतिहासाची सुरुवात व्हिएन्नातल्या फ्रान्झ आंतोन मेस्मर (१७३४–१८१५) या डॉक्टरापासून होते. सर्व सजीवांच्या शरीरातून एक अदृश्य द्रव वाहतो, त्याचा प्रवाह तुंबला की आजार होतो आणि वैद्याच्या स्पर्शाने तो पुन्हा वाहता करता येतो, असे त्याचे म्हणणे होते. या कल्पित द्रवाला त्याने ‘प्राणिज चुंबकत्व’ म्हटले. १७७८ मध्ये तो पॅरिसला आला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या दारी गर्दी होऊ लागली. उपचाराच्या दालनात पडदे ओढून अंधुक उजेड ठेवलेला असे. मधोमध झाकण लावलेले मोठे लाकडी पिंप, त्यात पाण्याच्या बाटल्या आणि लोखंडाचा कीस, झाकणातून बाहेर आलेल्या लोखंडी कांबी. रुग्ण पिंपाभोवती बसून त्या कांबी दुखऱ्या भागाला टेकवत. बाजूला काचवाद्याचे सूर चालू असत. काही वेळाने कोणी रडू लागे, कोणी हसू लागे, कोणाला झटके येत. हा झटका येऊन गेला की रुग्णाला हलके वाटे. मेस्मरच्या मते झटका हीच बरे होण्याची खूण होती.

१७८४ मध्ये सोळाव्या लुईने या प्रकाराची चौकशी करायला समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिए, खगोलशास्त्रज्ञ बाई आणि डॉक्टर गियोतँ असे लोक होते. समितीने केलेल्या प्रयोगांपैकी एक आजही मानसशास्त्राच्या वर्गात शिकवण्याजोगा आहे. पासी येथे फ्रँकलिनच्या बागेतले एक झाड मेस्मरच्या शिष्याने, देस्लोंने, ‘भारून’ ठेवले. त्यानेच निवडलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला न भारलेल्या झाडांपाशी एकेक करून नेण्यात आले. मुलाला घाम फुटला, खोकला आला, डोके जड झाले आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. भारलेले झाड तिथून बरेच दूर होते. द्रव अस्तित्वात नाही, जे घडते ते कल्पनाशक्तीमुळे घडते, असा निष्कर्ष समितीने काढला. निष्कर्ष अचूक होता, पण तो तिथेच सोडून देणे ही चूक झाली. नुसत्या कल्पनेने धडधाकट मुलगा कोसळत असेल, तर त्याच कल्पनेने आजारी माणूस सावरू का शकणार नाही, हा प्रश्न समितीने विचारलाच नाही. देस्लोंने तो विचारला होता. कल्पनेचा उपचार सर्वांत गुणकारी ठरत असेल तर तो करायला काय हरकत आहे, असे त्याचे म्हणणे होते.

त्याच वर्षी मेस्मरचा आणखी एक शिष्य, मार्की द प्युइसेग्यूर, आपल्या ब्युझांसीच्या जहागिरीवर व्हिक्तॉर रास नावाच्या तरुण शेतकऱ्यावर उपचार करत होता. व्हिक्तॉरला छातीचा विकार होता. त्याला झटका आला नाही. तो शांत झोपी गेला आणि झोपेतच बोलू लागला, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देऊ लागला. जागा झाल्यावर त्याला यातले काही आठवेना. उपचाराचा रोख आरडाओरडा आणि झटके यांच्याकडून शांत निद्रेकडे वळला तो इथे. प्युइसेग्यूरचाही विश्वास मात्र द्रवावर आणि उपचारकाच्या इच्छाशक्तीवरच होता.

सुरुवातीला उल्लेखलेला कांदोळीचा पाद्री तो हाच : जुझे कुस्तोदियो द फारिया. त्याचा जन्म मे १७५६ मध्ये कांदोळीला झाला. आईचे घर कांदोळीचे, वडील कायतान व्हितोरिन हे कोलवाळचे. आईवडिलांचे पटले नाही. दोघे वेगळे झाले, वडील पाद्री झाले आणि आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. १७७१ मध्ये वडील मुलाला घेऊन लिस्बनला पोचले. पुढे रोमला धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन १७८० मध्ये जुझेला पाद्रीची दीक्षा मिळाली.

लिस्बनच्या काळातली एक आख्यायिका गोव्यात अजून सांगितली जाते. राणीच्या उपस्थितीत केलुशच्या राजवाड्यातल्या प्रार्थनामंदिरात प्रवचन करायला तरुण फारिया उभा राहिला आणि समोरचे बडे लोक पाहून त्याची वाचाच बसली. वडील जवळच होते. ते हळूच कोकणीत पुटपुटले : ‘कातर रे भाजी’. समोर बसलेत ती सगळी भाजी आहे, काप खुशाल! एवढ्या शब्दांनी मुलाची भीती पळाली आणि प्रवचन धडाक्यात झाले. दोन शब्दांनी मनाची अवस्था अशी पालटते कशी, हे कोडे त्याच्या डोक्यात तेव्हापासून घर करून राहिले, असे म्हणतात. गोष्ट खरी असो वा नसो, गोव्याच्या लोकस्मृतीने या माणसाचे सार नेमके टिपले आहे. संमोहनाच्या इतिहासातला हा पुरुष लोकांच्या मनात राहिला तो चारचौघांत उभे राहताना वाटणाऱ्या धास्तीच्या आणि ती घालवणाऱ्या शब्दांच्या गोष्टीतून.

१७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट उघडकीस आला. लिस्बनमध्ये राहणाऱ्या फारिया पितापुत्रांवरही संशय होता. १७८८ मध्ये फारियाने पॅरिस गाठले. क्रांतीच्या धामधुमीत तो नुसता बघ्या राहिला नाही. ऑक्टोबर १७९५ च्या उठावात राष्ट्रीय सभेविरुद्ध चालून गेलेल्या एका तुकडीचे नेतृत्व त्याने केले. याच शहरात प्युइसेग्यूरशी त्याची ओळख झाली आणि तो चुंबकीय निद्रेकडे ओढला गेला. मधली काही वर्षे मार्सेय आणि नीम येथे तत्त्वज्ञान शिकवून तो पॅरिसला परतला आणि ११ ऑगस्ट १८१३ रोजी रू द क्लिशी या रस्त्यावर त्याने जाहीर व्याख्याने सुरू केली. प्रवेशशुल्क होते पाच फ्रँक.

उंच, सावळा, पाद्रीच्या झग्यातला हा माणूस मोडक्या फ्रेंचमध्ये आधी सिद्धांत सांगे आणि मग प्रयोग करून दाखवी. त्याच्याकडे पिंप नव्हते, कांबी नव्हत्या, हातवारेही नव्हते. समोरच्या व्यक्तीला तो आरामखुर्चीत बसवी, डोळे मिटायला आणि झोपेवर मन एकाग्र करायला सांगे. थोडा वेळ शांततेत गेला की मोठ्या, अधिकारवाणीच्या आवाजात एकच आज्ञा देई : झोपा! गरज पडल्यास तो ती तीनचार वेळा उच्चारी. त्यानेही काम झाले नाही तर उघडा तळहात डोळ्यांसमोर धरून तो सावकाश जवळ आणत जाई आणि पापण्या आपोआप मिटत. निद्रेत गेलेल्याला साधे पाणी पाजून त्यात वेगळी चव असल्याचे सांगितले तर त्याला ती चव लागे. जागे झाल्यानंतर अमुक कर अशी सूचना निद्रेत दिली, तर तीही पाळली जाई.

हे सगळे इतरांनीही थोड्याफार फरकाने केले होते. फारियाचे वेगळेपण त्याने दिलेल्या स्पष्टीकरणात आहे. द्रव नाही, चुंबकत्व नाही, उपचारकाच्या इच्छेला काही विशेष बळ नाही, असे त्याने सांगितले. निद्रा येते ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या एकाग्रतेतून, त्याच्या अपेक्षेतून आणि विश्वासातून. उपचारक फक्त निमित्त होतो. प्रत्येकाला ही निद्रा सारखी लागत नाही, काहींना चटकन लागते तर काहींना लागतच नाही, आणि हा फरक झोपणाऱ्याच्या प्रकृतीत आहे, हेही त्याने नोंदवले. त्या प्रकृतीचे कारण त्याने रक्ताच्या पातळपणात शोधले, ते चुकीचे होते. निरीक्षण मात्र टिकले.

विरोध तिन्ही बाजूंनी झाला. द्रववाद्यांना तो घरभेदी वाटला, धर्मसत्तेला यात सैतानी कारभार दिसला आणि वृत्तपत्रांना थट्टेचा विषय मिळाला. एका नटाने झोपेचे सोंग घेतले, भर सभेत डोळे उघडून फारियाची फजिती केली, आणि १८१६ मध्ये रंगभूमीवर त्याची टर उडवणारे प्रहसनही आले. प्रेक्षक आटले. मुलींच्या एका शाळेत धर्मोपदेशक म्हणून काम करत त्याने आपला ग्रंथ लिहायला घेतला. चार खंडांपैकी पहिला १८१९ मध्ये छापला गेला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला पक्षाघाताने त्याचा मृत्यू झाला. पॅरिसमध्ये त्याची कबर कुठे आहे हे दाखवता येत नाही. अलेक्सांद्र द्युमाने ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीतल्या कैदी पाद्रीला त्याचे नाव दिले, त्यामुळे जगभरच्या वाचकांना आबे फारिया हे नाव ठाऊक आहे. ते वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांना खरा फारिया ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे. त्याला त्याची जागा परत मिळवून देण्याचे काम पुढे डॉ. दाल्गादो या गोमंतकीयाने केले. त्यांनी १९०६ मध्ये मूळ ग्रंथ चरित्रपर टिपणासह पुन्हा प्रसिद्ध केला. १९२५ मध्ये पोर्तुगीज मेंदूतज्ज्ञ एगाश मोनिझ यांनी फारियावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. १९४५ मध्ये पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला ब्राँझचा पुतळा उभा राहिला. त्यात फारियाचे दोन्ही हात पुढे झेपावलेले आहेत आणि समोर एक स्त्री निद्रेत कलंडते आहे. शिल्प म्हणून तो प्रभावी आहे. फारियाचे स्वतःचे म्हणणे मात्र असे होते, की खरी गोष्ट त्या स्त्रीच्या मनात घडते.

फारियाच्या मृत्यूनंतर वीसबावीस वर्षांनी मँचेस्टरमध्ये हाच धागा नव्याने हाती आला. नोव्हेंबर १८४१ मध्ये शल्यविशारद जेम्स ब्रेड एका फिरत्या चुंबकतज्ज्ञाचा प्रयोग उघडा पाडण्याच्या इराद्याने पाहायला गेला. तिथे पापण्या उघडू न शकणारी माणसे पाहून तो विचारात पडला. घरी त्याने एका मित्राला, पत्नीला आणि नोकराला एखाद्या वस्तूकडे टक लावून बघायला सांगितले आणि काही मिनिटांत तीच अवस्था आली. १८४३ च्या पुस्तकात त्याने या अवस्थेला ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केले. द्रवाची गरज नाही हे आता एक मान्यवर ब्रिटिश डॉक्टर सांगत होता, त्यामुळे विषयाला वैद्यकात पाय ठेवायला जागा मिळाली.

भारतात याच दशकात जे घडले ते अधिक थरारक आहे आणि अधिक अस्वस्थ करणारेही. ४ एप्रिल १८४५ रोजी बंगालमधल्या हुगळी येथे जेम्स एस्डेल या कंपनी सरकारच्या स्कॉटिश डॉक्टरने एका कैद्याच्या अंडवृद्धीवर उपचार करताना, वेदनांनी तळमळणाऱ्या त्या माणसावर पुस्तकात वाचलेला मेस्मरचा प्रयोग करून पाहिला. रुग्ण गाढ निद्रेत गेला. टाचणी टोचली, विस्तव लावला तरी त्याला कळेना. भूल देण्याचे औषध तेव्हा उपलब्ध नव्हते. शस्त्रक्रिया म्हणजे चारपाच जणांनी हातपाय दाबून धरायचे आणि डॉक्टरने शक्य तितक्या वेगाने कापायचे, अशी रीत होती. एस्डेलने हुगळीत हत्तीरोगाने वाढलेल्या प्रचंड गाठी काढण्यापासून अवयव छाटण्यापर्यंत कितीतरी शस्त्रक्रिया या निद्रेत केल्या. १८४६ मध्ये सरकारने समिती नेमून प्रयोग तपासले आणि वर्षअखेरीस कलकत्त्यात वर्षभरासाठी एक लहानसे मेस्मेरिक रुग्णालय त्याच्या हवाली केले.

पद्धत अशी होती : अंधाऱ्या खोलीत रुग्णाला उघड्या अंगाने उताणे झोपवायचे. डोळे मिटायला सांगायचे. उपचारक उशाशी बसून त्याच्या तोंडावर ओणवतो, बोटे किंचित वाकवून दोन्ही हात डोक्यापासून पोटापर्यंत सावकाश, अंगाला न लावता फिरवतो आणि अधूनमधून डोक्यावर, डोळ्यांवर मंद श्वास सोडतो. हे तासन्‌तास चाले, काही रुग्णांच्या बाबतीत कित्येक दिवस. सुरुवातीला एस्डेलने हे स्वतः केले आणि तो पार थकला. पुढे हे काम रुग्णालयातल्या हिंदू आणि मुसलमान मदतनिसांनी केले. इतिहासात नाव राहिले ते एस्डेलचे. अंधारात घाम गाळत बसलेल्या त्या कंपाउंडरांची नोंद फारशी कोणी ठेवली नाही, ती ठेवायला हवी होती. पहिला रुग्ण बेड्यांतला कैदी होता आणि नंतरचेही बहुतेक गरीब होते, हेही विसरता येत नाही. नकार देण्याची ताकद त्यांच्यात किती होती?

ऑक्टोबर १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरचा जाहीर प्रयोग झाला, वर्षभरात क्लोरोफॉर्म आले, आणि तासन्‌तास हात फिरवण्याची गरज संपली. शस्त्रक्रियेच्या खोलीतून संमोहन बाहेर पडले. मनाच्या विकारांकडे ते वळले ते यानंतर.

हे वळण फ्रान्समधल्या नान्सी शहरात पक्के झाले. आंब्रुआझ लिएबो हा तिथला साधा डॉक्टर रुग्णांना पर्याय देई : नेहमीची औषधे हवी असतील तर पैसे पडतील, संमोहन फुकट. गरीब शेतकरी अर्थातच संमोहन निवडत. लिएबो त्यांना झोपेच्या सूचना देई आणि मग आजाराचे लक्षण कमी होत असल्याचे शांतपणे सांगे. विद्यापीठातले प्राध्यापक इपोलित बर्नहाइम १८८२ मध्ये त्याचे काम पाहायला आले आणि त्याचे अनुयायी बनून परतले. संमोहन म्हणजे सूचनेला प्रतिसाद देण्याची माणसाची नैसर्गिक क्षमता, असे बर्नहाइमचे प्रतिपादन होते, आणि ते करताना याचे पहिले श्रेय फारियाचे, असे त्यांनी मान्य केले. पॅरिसमध्ये मेंदूतज्ज्ञ शार्को संमोहनाला उन्मादाचे लक्षण मानत होता. दोन्ही पंथांच्या वादात अखेर नान्सीचे म्हणणे टिकले. फ्रॉइड १८८९ मध्ये नान्सीला येऊन गेला, पण काही वर्षांतच त्याने संमोहन सोडले आणि मनोविश्लेषणाच्या वाढत्या वजनाखाली ही विद्या पुढची कित्येक दशके झाकोळली गेली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने भेदरलेल्या सैनिकांवर ती पुन्हा वापरली गेली एवढेच.

लिएबोकडेच शिकलेला एक औषधविक्रेता होता एमिल कुए. औषध देताना दोन कौतुकाचे शब्द बोलले तर गिऱ्हाइकाला त्याचा गुण जास्त येतो, हे त्याने दुकानातच पाहिले होते. १९१० पासून नान्सीत त्याने लोकांना स्वतःच स्वतःला सूचना द्यायला शिकवले. झोपताना आणि उठताना, आपली प्रकृती रोज सुधारत आहे या अर्थाचे एक वाक्य वीस वेळा म्हणायचे आणि मोजण्यासाठी वीस गाठी मारलेली दोरी हातात ठेवायची. पद्धत भाबडी होती आणि तिच्याबद्दलचे दावे अवाच्या सवा. तरी उपचारकाची खुर्ची रिकामी करण्याचे धाडस त्याने केले.

तेच काम अधिक शिस्तीने जर्मनीत झाले. मेंदूशास्त्रज्ञ ओस्कार फोग्ट यांच्या लक्षात आले होते, की वारंवार संमोहित झालेले रुग्ण पुढे स्वतःच त्या अवस्थेत जायला शिकतात आणि त्यामुळे त्यांचा थकवा व ताण कमी होतो. बर्लिनचे मानसोपचारतज्ज्ञ योहानेस शुल्ट्झ यांनी संमोहित लोकांना काय जाणवते ते विचारले. दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येकाने सांगितल्या : हातपाय जड वाटतात आणि उबदार वाटतात. जडपणा म्हणजे सैल झालेले स्नायू, ऊब म्हणजे रुंदावलेल्या रक्तवाहिन्या. मग माणसाने याच दोन जाणिवांपासून सुरुवात केली तर? १९३२ मध्ये त्यांनी ‘आउटोगेन’ प्रशिक्षणावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात सहा पायऱ्या आहेत : हातापायांचा जडपणा, त्यांची ऊब, हृदयाचे शांत ठोके, संथ श्वास, पोटातली ऊब आणि कपाळाचा गारवा. बसण्याची एक पद्धत त्यांनी घोडागाडीच्या गाडीवानाकडून घेतली. गिऱ्हाइकाची वाट बघताना तो पाय फाकवून, कोपर मांड्यांवर टेकून, मान खाली सोडून डुलकी घेतो, तशी ती बैठक आहे. त्यासाठी खाट लागत नाही, की वेगळी खोली.

अमेरिकेत एडमंड जेकबसन यांची वाट पूर्ण निराळी होती. त्यांना सूचना, कुजबूज, मंद आवाज यांतले काहीच नको होते. स्नायूंतला विद्युत्‌प्रवाह अतिशय सूक्ष्म प्रमाणात मोजण्याची साधने त्यांनी विकसित केली आणि चिंतेचा विचार नुसता मनात आला तरी स्नायू किंचित आखडतात, हे दाखवून दिले. उलटपक्षी स्नायू पूर्ण सैल असताना चिंता टिकत नाही. १९२९ च्या ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ या ग्रंथात त्यांनी त्यावर शिक्षणक्रमच दिला. मनगट मागे वाकवायचे, हाताच्या वरच्या बाजूला बारीकसा ताण जाणवतो तो ओळखायचा, आणि मग ते सोडून द्यायचे. एका तासाला एकच स्नायूगट. कपाळ, पापण्या, जीभ, घसा असे करत संपूर्ण शरीर पूर्ण व्हायला महिनोन्‌महिने जात. इतका धीर फार थोड्यांकडे होता. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकन मानसोपचारतज्ज्ञाने तोच अभ्यास काही बैठकांत बसवला आणि भीतीच्या विकारांवर वापरला : आधी अंग सैल करायचे, मग भीतीचा सर्वांत सौम्य प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा आणि टप्प्याटप्प्याने पुढे जायचे. आज दवाखान्यात ‘मूठ घट्ट आवळा, आता सोडा’ असे जे शिकवले जाते, ते जेकबसनच्या दीर्घ अभ्यासाचे हे आटोपशीर रूप आहे.

भारतीय परंपरेत अंग सैल सोडण्याचा विधी फार जुना आहे. पंधराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या हठप्रदीपिकेत शवासनाने थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते, असे सांगितले आहे. त्याची प्रयोगशाळेत परीक्षा करण्याची दिशा महाराष्ट्राने दिली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. क्ष-किरण, दाबमापक, रक्तदाबाच्या नोंदी अशा साधनांनी योगक्रियांचा शरीरावरचा परिणाम मोजायचा, हा त्यांचा आग्रह होता. चमत्काराचे दावे त्यांना मान्य नव्हते.

या आग्रहाचे फळ मुंबईत दिसले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी कैवल्यधामाशी संबंधित डॉ. विनेकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा अभ्यास केला. तो १९६९ मध्ये ‘अँजिऑलॉजी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. शिकवण्याची रीत अगदी साधी होती. रुग्णाने उताणे पडायचे, हात अंगापासून आणि पाय एकमेकांपासून थोडे दूर, डोळे मिटलेले. पोटाने संथ श्वास घ्यायचा, श्वास आणि उच्छ्‌वास यांच्यामध्ये किंचित थांबायचे. मग सगळे लक्ष नाकपुड्यांवर आणायचे : आत येणारी हवा गार लागते, बाहेर जाणारी कोमट. हा सराव अर्धा तास चाले. औषध न घेणाऱ्या १० रुग्णांचा सरासरी रक्तदाब १३४ वरून १०७ पर्यंत उतरला आणि औषधे घेणाऱ्यांपैकी अनेकांची मात्रा कमी करता आली. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, ही या अभ्यासाची मर्यादा. ती भरून काढली लंडनजवळ क्रॉयडनला दवाखाना चालवणाऱ्या, मूळच्या भारतीय डॉ. चंद्रा पटेल यांनी. १९७३ मध्ये त्यांनी शवासनाच्या धर्तीचे शिथिलीकरण आणि शरीरातले बदल यंत्रावर दाखवण्याची पद्धत एकत्र करून २० रुग्णांवर वापरली. १९७५ मध्ये ३४ रुग्णांचे दोन गट करून रीतसर तुलना केली. दोन्ही निबंध ‘लॅन्सेट’ने छापले. त्याच वर्षी हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांचे ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ हे पुस्तक आले आणि प्रचंड खपले. संकटात शरीर लढायला वा पळायला सज्ज होते, त्याच्या नेमक्या उलट, शांत होण्याचीही एक जन्मजात यंत्रणा शरीरात आहे, हे बेन्सन यांनी ध्यान करणाऱ्यांच्या चाचण्यांवरून मांडले. जगात नाव बेन्सन यांचे झाले. परळच्या वॉर्डात जमिनीवर आडवे झालेल्या रुग्णांची आठवण त्यामानाने कमी जणांना आहे, आणि मराठी वाचकाने तरी ती जपायला हवी.

संमोहनालाही दरम्यान प्रतिष्ठा परत मिळत होती. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ मध्ये आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५८ मध्ये प्रशिक्षित हातांतला उपचार म्हणून ते मान्य केले. १९५९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइत्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी संमोहनक्षमता मोजण्याची मापनश्रेणी तयार केली. थोड्या लोकांत ही क्षमता फार असते, थोड्यांत जवळजवळ नसते, बाकीचे मधे असतात, आणि एकाच माणसात ती वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही, असे या मोजणीतून दिसले. फारियाने दीड शतकापूर्वी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आता आकड्यांत आली. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी ताणाने बळावणाऱ्या आतड्याच्या विकारावर संमोहनाचा ३० रुग्णांमध्ये केलेला तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यानंतर त्या विकारावरच्या उपचारात संमोहनाला जागा मिळाली. दातांच्या डॉक्टरची भीती, शस्त्रक्रियेआधीची घबराट, दुखणाऱ्या तपासण्या अशा ठिकाणीही ते वापरले जाते.

मर्यादाही याच काळात उघड झाल्या. संमोहनात आठवलेल्या गोष्टी खऱ्याच असतात असे नाही. सूचनेमुळे खोट्या आठवणी तितक्याच ठामपणे उभ्या राहतात, म्हणून गतजन्म किंवा हरवलेले बालपण शोधण्याच्या नावाखाली होणारे प्रयोग धोक्याचे आहेत. भ्रम आणि भास असलेल्या गंभीर मानसिक आजारात संमोहन टाळले जाते. शिथिलीकरणही सर्वांना सारखे मानवत नाही. सतत सावध राहण्याची सवय जडलेल्या काही लोकांची चिंता अंग सैल सोडताच वाढते, असे १९८३ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले. अशांना उताणे पाडून डोळे मिटायला लावण्यापेक्षा डोळे उघडे ठेवून, चालताबोलता थोडाथोडा सराव देणे बरे.

या अखेरच्या अडचणीवर स्वीडनच्या लार्स-यॉरान अस्ट यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या उपयोजित शिथिलीकरणाचा उपयोग होतो. त्यात रुग्ण आधी स्वतःच्या घबराटीची पहिली खूण ओळखायला शिकतो : कोणाचे खांदे वर चढतात, कोणाच्या पोटात खड्डा पडतो, कोणाचा श्वास वर लागतो. मग जेकबसनच्या पद्धतीने आवळणे-सोडणे, पुढे नुसते सोडणे, त्यानंतर श्वासाबरोबर मनात म्हटलेल्या एका शब्दावर सैल होणे, मग उभे राहून आणि चालताना तेच. शेवटी वीसतीस सेकंदांत अंग सैल करता येते आणि ते परीक्षेच्या हॉलबाहेर, मुलाखतीच्या रांगेत, गच्च भरलेल्या लोकलमध्ये वापरायचे असते. सततच्या चिंतेच्या विकारावर विचार बदलण्याच्या उपचाराबरोबरीने हा पर्याय ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०११ मध्ये सुचवला. उपचारक यात पहिले काही आठवडे शिकवतो, घरच्या सरावाच्या नोंदी तपासतो आणि बाजूला होतो.